बाळाच्या आईला सांगायचं होतं

प्रशिक्षणातल्या रबरी बाळाच्या हृदयाचे यंत्रावरचे ठोके थांबले. डॉक्टर मृदुला शेवाळेंच्या हातात व्हिटॅमिन केचं इंजेक्शन तसंच राहिलं.

“हे जन्मतःच द्यायचं असतं, नाहीतर बाळाला रक्तस्राव होऊ शकतो,” प्रशिक्षक म्हणाले. “आता आईला सांगा.”

आई म्हणून एक नर्स समोर बसली होती. मृदुलाला पाड्यावरची चांगुणा आठवली. दोन वर्षांपूर्वी मृदुलाच्याच दवाखान्यात जन्मलेलं चांगुणाचं बाळ असंच गेलं होतं. ते इंजेक्शन द्यायचं राहून गेलं होतं, आणि ‘देवाची मर्जी’ एवढंच सांगून मृदुला निघून गेली होती.

रविवारी ती चांगुणाच्या पाड्यावर गेली. अंगणात तांदूळ पाखडणाऱ्या चांगुणासमोर ती जमिनीवरच बसली.

“बाळाला जन्मल्यावर एक इंजेक्शन द्यायला हवं होतं. मी दिलं नाही, म्हणून ते गेलं. चूक माझी होती.”

चांगुणाच्या हातातलं सूप थांबलं. मृदुला शिव्यांची वाट पाहत राहिली.

“मंजे, मी ग्रहण पाळलं नाय म्हणून नव्हं?”

“नाही गं.”

चांगुणानं डोळे पुसले आणि घराकडे वळून सासूला हाक मारली, “आत्याबाय, भायेर या. डाक्टरीण काय सांगते ते ऐका.”