खाडा

धाकटीच्या हृदयाला जन्मतःच भोक होतं. ती पाळण्यात असतानाच डॉक्टरांनी छाती उघडून ते बुजवलं, आणि तेव्हापासून आईचा कान कायम तिच्याच छातीला. मी कधी कण्हले, तर उत्तर ठरलेलं: "तुला काय धाड भरलीय? चांगली धडधाकट आहेस."

आता धाकटीने तिशी ओलांडली. जुन्या टाक्यांच्या वणामुळे तिचे ठोके चुकायला लागलेत, असं डॉक्टर म्हणाले. झालं, सगळं घर पुन्हा तिच्याभोवती गोळा.

दुपारी ती कॉटवर पडली होती. "ताई, तू पण ऐक ना एकदा."

नाइलाजाने कान लावला. ठोका, ठोका, मग खाडा. पण खाडा पडला की लगेच दुसराच ठोका यायचा, खोलवरून, दणदणीत. कामावर बदली माणूस यावा तसा.

"हा कुणाचा गं?"

ती हसली. "माझ्या छातीत आहे, म्हणजे माझाच. आता तुझं ऐकू दे."

तिने माझ्या छातीला कान लावला. तिचं हसू विरलं. तिने कान सरकवला, पुन्हा सरकवला.

"आई, जरा इकडे ये. ताईचं ऐक."

"तिला काय धाड भरलीय?" आई हात पुसत, करवादत आली. पण वाकली. माझ्या छातीला आईचा कान, जन्मात पहिल्यांदा! धाकटी टक लावून बघत होती. बघू दे, म्हटलं, जळू दे जरा.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"ठोका कुठाय गं तुझा?" आई पुटपुटली. कान मात्र उचलेना.