सीमेपलीकडचा परवाना

टेम्पोत अठरा बायका चढून बसल्या आणि द्वारकाचा फोन वाजला. कामगार पुरवायची एजन्सी तिची, चंदगडची. काम होतं सीमेपलीकडे, गोव्यातल्या काजू कारखान्यात.

"कामगार पुरवायचा परवाना मागाहून बघू, आधी बायका पाठवा," कारखान्याचा मॅनेजर म्हणाला. "नाहीतर दुसरा ठेकेदार तयार आहे."

"त्यालाच बोलवा. तिथला परवाना हातात आल्याशिवाय मी माणसं हलवत नाही." फोन ठेवून तिने सगळ्यांना उतरायला सांगितलं.

"हंगाम घालवलास की गं आमचा!" त्यातली तुळसा कडाडली.

"बिनपरवान्याच्या ठेकेदाराकडं असताना माझा हात तिकडच्याच एका कारखान्यात भाजला होता, तुळसा. भरपाई मागितली तर मालक म्हणाला, ही बाई आमच्या नोंदीतच नाही. तुझ्याबद्दल असं कुणाला म्हणू देणार नाही मी."

तुळसा खाली उतरली.

नवव्या दिवशी परवाना आला. तो घेऊन द्वारका गोव्यातले तीन कारखाने फिरली. तिसऱ्याने होकार दिला.

टेम्पो पुन्हा भरला, पण तुळसा खालीच उभी राहिली. "माझं नाव कुठाय, दाखव आधी."

द्वारकाने कारखान्याने नोंदवलेल्या कामगारांच्या यादीवर बोट ठेवलं. तुळसाने एकेक अक्षर लावत आपलं नाव आडनावासकट वाचलं आणि ती पुढच्या सीटवर जाऊन बसली.