कॅसेट संपायची तिथं

मुलांनो, मनाशी एक शेत उभं करा. शिरड शहापूरच्या शिवारातलं. काढलेल्या हळदीचे ढीग आणि त्यांच्याभोवती बसलेल्या सहा-सात बाया. गड्ड्याची माती झाडायची, हळकुंडं मोडून वेगळी करायची. हाताला काम आणि तोंडाला गाणं.

गाणं त्यांच्यातल्या सुमनबाईंच्या तरुणपणातलं. तेव्हा वसमतच्या दुकानात यादी दिली की कोरी कॅसेट गाण्यांनी भरून मिळायची. फीत संपली की शेवटचं गाणं असेल तिथं तुटायचं. सुमनबाईंचं सगळ्यात लाडकं गाणं असंच पहिल्या कडव्यानंतर तुटलेलं. पुढचं त्यांनी कधी ऐकलंच नाही. मग हळद मोडता मोडता दुसरं कडवं त्यांनी स्वतःच जोडलं, जवळच्या सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याचं:

सिद्धेश्वराचं पाणी बाई पाटाला आलं,
पाय धुता धुता माझं पैंजण गेलं.

पस्तीस वर्षं सगळ्या बाया तेच म्हणत आल्या.

त्या रविवारी पाचवीतली नात प्रियंका बापाचा फोन घेऊन शेतात आली.

"आजी, तुझं गानं सापडलं. आख्खं हाय."

सुमनबाईंनी हात पदराला पुसले. "लाव बरं."

गाणं सुरू झालं. बाया सोबत म्हणू लागल्या. पहिलं कडवं सरलं आणि सवयीनं सगळ्याजणी पाटाच्या पाण्याकडे वळल्या. फोन मात्र चांदण्याचं आणि झुल्याचं काही सांगत पुढं गेला. एकेक आवाज थांबला.

शेजारची कौसाबाई शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "यात पैंजण काहून न्हाई?"

"कसं असंल?" सुमनबाई म्हणाल्या. "पैंजण माझं गेलं व्हतं. सासूला सांगायची हिंमत न्हाई झाली, म्हनून गान्यात घातलं."

"म्हंजी इतके साल आमी तुमचं पैंजणच हुडकून राहिलो व्हय?"

बाया हसल्या. सुमनबाईही हसल्या, पण मान वर न करता. "आता खरं सापडलं. उद्यापासून हेच म्हना. माझं ठिगळ सोडून द्या."

त्यानंतर कुणी गायलं नाही. हळकुंडं मोडल्याचा तेवढा आवाज येत राहिला.

प्रियंकानं फोनकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. मग गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. पहिलं कडवं संपलं तशी तिनं फोन बंद केला, रिकाम्या पोत्याखाली सारला आणि एक गड्डा हातात घेऊन म्हणायला लागली, "सिद्धेश्वराचं पाणी बाई..."