काचेच्या सासूबाई

सासूबाईंनी लग्नात दिलेली काचेची सुरई बाईच्या डोक्याच्या घाटाची होती, आणि चेहरा थेट त्यांचाच. विबिया ती फडताळात भिंतीकडे तोंड करून ठेवायची. तरी धाक काही जाईना, म्हणून एक दिवस तिनं ती फोडली आणि तुकडे देऊन फेरीवाल्याकडून चूल पेटवायच्या गंधकाच्या काड्या घेतल्या.

सॅटर्न देवाच्या सणाला, भेटी द्यायच्या दिवशी, सासूबाई टायबर नदीपलीकडून पुडकं घेऊन आल्या.

"तो फेरीवाला तुकडे आमच्याच गल्लीतल्या काचभट्टीत विकतो गं. माझं नाक मी लगेच ओळखलं. तीच काच वितळवून नव्या साच्यात फुंकून घेतली."

विबियानं कसनुसं हसत सुरई फडताळात ठेवली आणि त्यांची पाठ वळताच भिंतीकडे फिरवली.


सुरईच्या मागच्या बाजूनंही सासूबाईच बघत होत्या.