बंडूजींचं तोंड

"अरे, उघड नं बाप्पा!" बंडूजींनी फोन पुन्हा तोंडासमोर धरला. फोन ढिम्म. लकव्याने त्यांचा डावा गाल खाली ओघळला होता, डावा डोळा सारखा गळत होता, आणि हा महागडा फोन चेहरा पाहूनच उघडायचा. तो उघडायचे गुप्त आकडे त्यांच्या कधी ध्यानातच राहिले नव्हते. तिकडे देवळीत सोयाबीनचा ट्रक भरून उभा, आणि दलाल प्रफुलचा नंबर आत कोंडलेला. पोरगा निकेश उशाशी होता, पण त्याला धंद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या त्या वॉर्डाच्या दारात त्यांची लेक वर्षाली कधीची घुटमळत होती. आत जावं, की आल्या पावली परतावं? ठरलेलं लग्न मोडून ती बंगळूरला लेझर बनवायला गेली, तेव्हा बाप चारचौघांत म्हणाला होता, "हे माही पोरगीच नाई." ते वाक्य तिला अजून झोपू देत नव्हतं.

"इले कोनं बलावलं?" बंडूजी खेकसले.

"म्या," त्यांची बायको रुख्मिणीबाई म्हणाल्या. "फोनाचं तिलेच समजते."

खोटं नव्हतं ते. दोन जातींच्या सेमीकंडक्टरचे थरावर थर चढवून वर्षाली आरसे करायची. केसाहून बारीक फटीत आरशासमोर आरसा. मधला प्रकाश इकडून तिकडे धडका देत राहायचा आणि शेवटी लेझर होऊन बाहेर पडायचा. असेच लेझर फोनमधून चेहऱ्यावर न दिसणारे ठिपके टाकतात आणि नाका-गालांचे चढउतार मोजतात.

तिने फोन घेतला. काच ओढणीने पुसली. वाकून पाहिलं.

फोन उघडला.

वर्षालीने उघडलेला फोन बापापुढे धरला.

"बिघडला असन," बंडूजी म्हणाले. "कोनाच्याबी तोंडाले उघडून राह्यला. निकेश, बंद कर अन् तू पाह्य बरं."

निकेशने पाहिलं. नाही उघडला. रुख्मिणीबाईंनी चष्मा काढून पाहिलं. छे! वर्षालीने पाहिलं, आणि मेला लगेच उघडला.

"बाबा, तो मानसं नाई ओळखत," तिचा आवाज फाटला. "नुसती ठेवन मोजते. माह्या तोंडाची ठेवन तुमची हाय, त्याले मी काय करू?"

बंडूजी तिच्याकडे पाहत राहिले. तेच रुंद कपाळ, तेच बसकं नाक. त्यांचा चांगला डोळाही आता गळायला लागला होता.

"प्रफुलले फोन लाव," ते जड जिभेने म्हणाले. "ट्रक सोड म्हना. कोन बोलते म्हून इचारलं, तं सांगजो... बंडूजीची पोरगी बोलून राह्यली."