कदमांची भावकी

टेंपोतून कपाट उतरलं, शिलाई मशीन उतरलं, आणि शेवटी ड्रायव्हरशेजारून म्हाताऱ्या रुक्मिणीबाई उतरायला लागल्या, तेव्हा सुखशांती सोसायटीचे सेक्रेटरी मधुकर कदम यांनी हमालाला बाजूला सारून स्वतःच हात पुढे केला. खजिनदार सहदेव राणे गेटपाशी उभे होते. त्यांनी हे नीट पाहावं अशी कदमांची इच्छा होती. राण्यांचा भाचा येत्या रविवारी कदमांच्या सुलक्षणाला बघायला येणार होता, आणि मुलीचा बाप भावकीला किती धरून आहे हे दिसलेलं बरं असतं.

एरवी कदम इतके मोकळेढाकळे नव्हते. मुलुंडच्या त्या गल्लीत इमारत उभी राहिल्यापासून तिथे कोण यावं आणि कोण येऊ नये हे तेच ठरवत. तोंडावर कुणाला नाही म्हणायचं नाही, ही त्यांची रीत. नको असलेल्या माणसालाही ते चहा पाजत, गाव विचारत, आडनाव दोनदा विचारत, आणि मग गोड आवाजात म्हणत, "कमिटीत विचारून कळवतो." कळवणं आजवर झालं नव्हतं. त्यातूनही एखादा चिवट निघून परत आलाच, तर त्याला दहा हजारांचा विकासनिधी सांगायचा. कुणाचा विकास, हे विचारायला तो थांबत नसे.

दशरथ घर बघायला आला तेव्हा मात्र 'कदम, तालुका खेड' एवढं ऐकूनच सेक्रेटरी खुर्चीतून उठले. मराठ्यांत कदम असतात तसे बौद्धांतही असतात, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आनंदाच्या भरात माणूस गावच विसरतो. दोन पिढ्यांमागे फुटलेली ही आपलीच भावकी, असं त्यांनी बसल्या बैठकीला ठरवून टाकलं. निधी माफ केला, घरमालकाशी भांडून भाव खाली आणला, आणि चारही मजल्यांवर सांगून आले की आपला भाऊ राहायला येतोय. टेलिफोन खात्यातला दशरथ तेवढा वेळ गुपचूप चहा पीत होता.

आता कदम दशरथच्या आईच्या, रुक्मिणीबाईंच्या, पायाशी वाकले. हात पावलांना लागतात न लागतात तोच म्हातारीने त्यांच्या डोक्यावर तळवा ठेवला आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जय भीम, बाबा. सुखी ऱ्हा."

कदम वाकलेले ते वाकलेलेच राहिले. त्यांची कंबर धरली असं राण्यांना वाटलं असतं, तर फार बरं झालं असतं.

उठले ते दशरथचा दंड धरून थेट पाण्याच्या टाकीआड गेले. कालपर्यंतचं अरे-तुरे एका दमात अहो-जाहोवर आलं. हे आधी सांगायला हवं होतंत, असं ते दबक्या आवाजात म्हणाले. विचारलं असतंत तर सांगितलं असतं, दशरथ म्हणाला, पण तुम्ही एकदम मिठीच मारलीत. याआधी घाटकोपरला, भांडुपला आणि याच गल्लीच्या टोकाला लोकांनी विचारलं होतं. त्याने खरं ते सांगितलं, आणि तिन्ही ठिकाणी 'कळवतो' ऐकून तो विक्रोळीच्या भाड्याच्या खोलीत परतला. तेवढ्या वर्षांत पगार चालत राहिला आणि घरांचे भाव पळत सुटले. पहिल्याच ठिकाणी कुणी हो म्हटलं असतं, तर एव्हाना कर्ज निम्मं फिटलं असतं. हे सगळं त्याने न रागावता सांगितलं, बंद पडलेल्या फोनची तक्रार वाचून दाखवावी तसं.

कदमांच्या डोक्यात फक्त रविवार होता.

"मग तुम्हाला तो निधी भरावा लागेल," ते म्हणाले.

"भरतो की. फक्त पावतीवर लिहा, काल माफ होता तो आज कशाबद्दल घेतला."

कदमांनी खिशातलं पेन काढलं, उघडलं आणि पुन्हा बंद केलं. कारण त्यांना तोंडपाठ होतं. ते लिहायची वेळ मात्र आजवर कुणी आणली नव्हती.

टाकीआडून ते परतले तर गेटपाशी रुक्मिणीबाईंनी राण्यांना गाठलेलं.

"तुमचा सेक्रेटरी आमच्यातलाच हाय," त्या कौतुकाने सांगत होत्या. "भावकीतला हाय म्हनून सोता सांगितलान. इतकी वर्सं हितं ऱ्हायला, पन कुनाला कळू दिलान नाय. हुशार!"

"आमचे कदम वेगळे," कदम घाईघाईने म्हणाले.

"परवा तर एक होते," राणे शांतपणे म्हणाले. "पणजोबासुद्धा एकच होते."

ते खरंच होतं. पणजोबा कदमांनीच काढला होता आणि त्याला नावही दिलं होतं. आता त्याला परत कुठे घालवणार? कदमांनी शहाण्णव कुळी सांगितली, देवक सांगितलं, आजोळचं घराणं सांगितलं, हवं तर गावाहून माणूस आणतो म्हणाले. आपण कोण हे कुणाला पटवून द्यायची पाळी त्यांच्यावर जन्मात पहिल्यांदा आली होती. राणे फक्त मान डोलावत होते. तशी मान कदम स्वतः किती वेळा डोलावून चुकले होते.

"मग रविवारी किती वाजता येताय?" त्यांनी शेवटी विचारलं.

राण्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि गोड हसले.

"घरी विचारून कळवतो."

ते निघून गेले. कदम रिकाम्या टेंपोला टेकून उभे राहिले. रुक्मिणीबाईंना त्यांचा चेहरा बघवेना. त्यांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"चल बाबा, वर चल, चाय घे," त्या म्हणाल्या. "त्ये काय कळवनार नायत. आमाला म्हायत हाय."