सरूबाईचा फ्रीज

"अरं धरा, धरा! पाव्हण्यांची गाडी वळली!"

पप्पूची आई म्हाळसाबाई वरडली आन् शेजारच्या सरूबाईचा फ्रीज मागच्या दारानं घरात घुसला. पप्पूचं कंबरडं मोडायचंच राह्यलं होतं. वॉशिंग मशीन आधीच आलेलं. शेगडी-सिलिंडर बी सरूबाईचाच. गोबरगॅसच्या टाकीवर ताडपत्री पडली, पाण्याचा माठ गोठ्यात म्हशीपाशी गेला, आन् अंघोळीचा बंब थेट कडब्याच्या गंजीमागं.

करणार काय? पप्पू तिशीला टेकलेला. सात स्थळं घर बघून गेली आन् सातीच्या सातींनी एकच निरोप धाडला, लोक चिकट हायेत, आमची पोरगी गार पाण्याला महाग व्हईल. आता ही आठवी. अनुपमा नाव, मांडवगणची, कुठल्याशा एजन्सीत कामाला. फोटो बघितल्यापासनं पप्पूला दुसरं काही सुचत नव्हतं.

"जे आपल्याला लागतच न्हाई, ते दाखवायचं कशाला?" पप्पूचे वडील गेणबा आबा कुरकुरले. घरातली सगळी काटकसर त्यांचीच. त्याच काटकसरीवर पप्पूची बहीण नर्स झाली होती.

"तुम्ही गप बसा! तुमच्या शेणाच्या ग्यासापायी पोरगं बिनलग्नाचं राहील!"

पाव्हणे आत आले. घर बघायला पोरीनं स्वतः यायची रीत न्हाई, पण ही आली. वडलांच्या, संपतरावांच्या मागं, चांगली हसत हसत. मग फ्रीज दिसला. हसू निम्मं झालं. मशीन दिसलं. उरलेलं बी गेलं. म्हाळसाबाईनं ऐटीत फ्रीज उघडून थंड्याची बाटली काढली. ती निघाली चहासारखी कोमट, पण तिकडं कुणाचं ध्यानच न्हाई. पोरगी वडलांच्या कानाशी लागली होती. हळूच बोलली, तरी पप्पूनं ऐकलं.

"बाबा, उठा. ह्या घरात नको."

संपतराव चपला बघायला लागले.

"एसी बी बसवणार हाय आम्ही, ह्याच महिन्यात!" म्हाळसाबाईनं शेवटचा डाव टाकला. पोरीचं तोंड आणखीनच उतरलं.

पप्पूला वाटलं, गेलीच न्हवं ही? मंग निदान खरं ऐकून तरी जाऊ दे.

"फ्रीज सरूकाकीचा हाय," तो म्हणाला. "मशीन बी तिचंच, सिलिंडर बी तिचाच. आमच्यात माठाचं पाणी, बंबाची अंघोळ आन् गोबरगॅसवरची भाकर. एसी तर मी बी आत्ताच ऐकला."

म्हाळसाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. उंबऱ्यापर्यंत गेलेली अनुपमा फिरली, मटकन खाली बसली आन् खदाखदा हसायला लागली.

"अहो आत्या, सहा महिने झाले, तुमचं लाईटीचं मीटर मीच वाचतीय! तुम्ही समदी रानात असता, म्हणून गाठ पडली न्हाई. एवढं कमी युनिट बघून मला वीजचोरीचा संशय आला, मागं जाऊन बघितलं तर गोबरगॅस, माठ, बंब! तवाच बाबांना म्हणलं, लगीन करीन तर ह्याच घरात. आन् आज हे सगळं सामान बघितलं आन् वाटलं, म्हंजी तारेवर आकडाच टाकलाय की ह्यांनी!"